आई म्हणजे कोण

कौटुंबिक दाव्याच्या बातमीत मुलांची नावं छापायची नाहीत, हे मी नोकरीला लागल्या लागल्या शिकले. साताऱ्यातल्या एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात कोर्टाच्या बातम्या बरीच वर्षं माझ्याकडे होत्या. नाव काढून टाकलं की वय, गाव आणि नातं उरतं, आणि बातमीला तेवढं पुरतं. पुढे त्याच इमारतीत आमच्या घरातला दावा उभा राहिला. त्याची बातमी मी केली नाही, दुसऱ्या कुणीही केली नाही. इथेही नावं नाहीत.

गाव उंब्रज. घरात माझी आई एकटी आणि तिच्याजवळ माझ्या भावाची मुलगी. भाऊ फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा. त्याची बायको सांगलीची. मुलगी नुकती चालायला लागली तेव्हा बायकोला मिरजेत लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला. जाऊ की नको, यावर घरात बोलणं झालं. शेवटी माझी आईच म्हणाली, "शीक तू. पोरीचं मी बघते." त्या वेळी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

कोर्स संपला आणि तिला तिथेच नोकरी लागली. भाऊ फोनवर म्हणाला, सोड आणि घरी ये. ती म्हणाली, सोडायची होती तर शिकले कशाला? ती पोरीला न्यायला आली की कधी पोरीला ताप असायचा, कधी यात्रा, कधी भाऊ सुट्टीवर यायचा असायचा. असं करत पोरगी पहिलीत गेली आणि नवरा-बायकोतलं बोलणं वकिलांमार्फत सुरू झालं. उंब्रजला लोक म्हणत, तिनं पोर टाकली. सांगलीला म्हणत, त्यांनी पोर अडकवली. मी दोन्ही बाजूंचे कागद वाचले होते. दोन्हीकडचे प्रसंग तेच होते, फक्त क्रियापदं वेगळी होती.

वहिनीनं मुलीच्या ताब्यासाठी साताऱ्यात अर्ज केला. मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात तो करावा लागतो.

पहिल्या न्यायाधीशांनी मुलीला चेंबरमध्ये एकटीला बोलावलं. अशी पद्धत असते. गृहस्थ चांगले होते. दार बंद करताना आम्हाला म्हणाले, "घाबरू नका, मी पण आजोबा आहे." मी आणि आई बाहेर बाकावर होतो. समोरच्या बाकावर वहिनी आणि तिचा भाऊ. थोड्या वेळानं पोरगी गोळी चघळत बाहेर आली.

"काय इचारलं गं?" आईनं विचारलं.

"शाळंचं नाव."

"आणि?"

"कुणाकडं ऱ्हायचंय."

"मग?"

"सांगितलं मी."

आईनं पुढे विचारलं नाही. आमच्या वकिलांनी तिला बजावून ठेवलं होतं: आजी, पोरीला काही पढवलंत, काही खोदून विचारलंत, तर ते आपल्यावरच उलटेल. आई शब्दाची पक्की. तिनं पोरीच्या तोंडाचा चिकटा पदरानं पुसला आणि म्हणाली, "चल, एस्टी गाठू."

आदेश इंग्रजीत आला. मुलीची इच्छा अजमावली असता तिनं मदरकडे राहण्याची इच्छा व्यक्त केली, असं त्यात एका ओळीत होतं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मुलीनं सांगलीला राहावं असा हुकूम होता. आमच्या वकिलांनी भावाला फोनवर सांगितलं, "पोरगी मम्मीकडे जायचं म्हणाली. साहेबांनी लिहून घेतलंय. आता आपण काय करणार?" भाऊ त्या वेळी सुट्टीवर होता. त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला तेच सांगितलं.

आई भाकरी थापत होती. "म्हणाली?"

"लिवलंय तसं."

"मग दे." थोड्या वेळानं म्हणाली, "पोटची हाय ती. लेकराला मम्मी पायजे, त्यात लेकराचं काय चुकलं?"

ताबा कोर्टाच्या आवारात द्यायचा होता. मला धरून सगळ्यांना वाटलं होतं, पोरगी रडेल. ती रडली नाही. उड्या मारत गाडीपर्यंत गेली. वहिनीच्या भावानं मागचं दार उघडलं, तेव्हा पहिल्यांदा ती थांबली आणि आईकडे वळून म्हणाली, "तू मागनं येणार?"

"व्हय, येते की मागनं," आई म्हणाली. लहान पोराला घराबाहेर काढताना जे म्हणतात तेच.

त्यानंतर आईनं सांगलीला फोन केला नाही. वहिनीची ना नव्हती, कोर्टाचीही नव्हती. मी नंबर लावून फोन हातात दिला तर आई म्हणायची, "नगं. माझा आवाज ऐकला की रडंल ती. तिचं मन लागू दे तिथं." गल्लीतल्या बायका विचारायच्या, पोरगी काय म्हणतीया? आई सांगायची, लय चांगली हाय, इंग्लिश शाळंत घातलीया. शाळेचं तिला माझ्याकडूनच कळलेलं असायचं. रात्रीची एक भाकरी मात्र ती रोज जास्त थापत होती, आणि सकाळी ती म्हशीला घालत होती.

दिवाळीनंतर सांगलीच्या शाळेतून तक्रार आली. मुलगी वर्गात बोलत नाही. पाठ केलेलं म्हणून दाखवते, पण विचारलेल्याला उत्तर देत नाही. हे वहिनीनं लपवलं नाही, तिनंच आपल्या वकिलाला सांगितलं. मग नेहमीचं झालं. आमच्या वकिलांनी मुलगी परत द्या म्हणून अर्ज टाकला. त्यांच्या वकिलांनी उत्तर दिलं की हा उंब्रजच्या पढवण्याचा परिणाम आहे. तोवर जुने न्यायाधीश बदलून गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी दोन्ही अर्ज वाचले आणि दोन्ही वकिलांना म्हणाल्या, "तुम्ही वडिलांचे. तुम्ही आईचे. यात मुलीचं कोण आहे?"

मग त्यांनी मुलीसाठी वेगळा वकील नेमला. कायद्यानं ते करता येतं, पण आमच्याकडे क्वचित होतं. इतकी वर्षं त्या इमारतीत वावरून मी ते पहिल्यांदाच बघत होते. बाररूममध्ये दोन दिवस तोच विषय होता.

"पहिलीतल्या अशिलाचं वकीलपत्र कसं घेणार हो?"

"अंगठा घ्या."

"अन् अशील म्हणालं, युवर ऑनर, मला शू लागलीय, तर?"

"तर तारीख वाढवून घ्यायची. आपण तरी वेगळं काय करतो?"

नेमलेल्या वकीलबाई मलकापूरच्या होत्या, पन्नाशीच्या. स्कूटीवरून यायच्या. मोफत विधी साहाय्याच्या कामात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांची एक सवय दोन्ही घरांना खटकली, ती म्हणजे चहा न घेणं. उंब्रजला त्या आमचं घर बघायला आल्या, तेव्हा मी रजा काढून गेले होते. आईनं चहा ठेवला. बाई म्हणाल्या, "नको. दावा संपेपर्यंत दोन्हीकडे घेणार नाही."

"अवं, चहाच हाय. त्यात काय घालून देत न्हाई मी."

"म्हणूनच नको. चांगला असेल."

आईला ते लागलं. आमच्या भागात दारात आलेल्या माणसानं चहा नाकारला म्हणजे काहीतरी धरून ठेवलंय असा अर्थ होतो. बाई मात्र पोरगी कुठे झोपायची, शाळेत कुणाबरोबर जायची, आजारी पडली की कुठल्या दवाखान्यात न्यायचे, हे विचारत, बघत घरभर फिरल्या. पोरगी कुणाकडे राहावी, हे त्यांनी एकालाही विचारलं नाही. त्या गेल्यावर आई म्हणाली, "ही नेमकी कुणाची वकील?"

"पोरीची."

"पोरीची म्हंजे आपलीच की."

"तुझी नाही. दादाची पण नाही."

"वकील कुणाचा तरी असतोयच," आई म्हणाली आणि तो चहा स्वतः प्याली. सांगलीलाही त्यांनी तसंच केलं होतं, हे मागून कळलं. तिकडे त्यांना 'बिनचहाच्या बाई' असं नाव पडलं होतं.

पुढच्या तारखेला मुलीला साताऱ्याला आणायचं होतं. न्यायाधीशांसमोर नेण्याआधी बाईंना तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं. त्यासाठी एक रिकामी खोली मिळाली होती. आम्ही पुन्हा त्याच बाकांवर बसलो. भाऊ या वेळी नव्हता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. आईला पोरगी बऱ्याच महिन्यांनी दिसत होती. ती उंच झाली होती. बाईंचा हात धरून आमच्यासमोरून गेली आणि जाताना आईकडे बघितलं. आईनं हात वर केला. पोरीनं मान वळवली. आई मला म्हणाली, "वळख इसरली का काय?"

बराच वेळ गेला. मग बाई एकट्याच बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. दोन्ही बाकांच्या मधे उभ्या राहून त्यांनी आधी माझ्या आईला विचारलं, "मावशी, नात तुम्हाला काय हाक मारते?"

"आई म्हणती. का हो?"

"आजी नाही म्हणत?"

"न्हाई. मला समदीच आई म्हणत्यात. ही माझी लेक, पोरीचा बा, गल्लीतली पोरं. तीबी तसंच शिकली."

बाई वळल्या. वहिनीला विचारलं, "आणि तुम्हाला?"

"मम्मी," वहिनी म्हणाली.

शिपायानं दुसऱ्या कुठल्यातरी दाव्याचा पुकारा केला, माणसं उठून गेली. आमच्या बाजूच्या गावांत हे घरोघरी असतं. बाप आपल्या आईला आई म्हणतो, ते ऐकून मूलही तिला आई म्हणतं, आणि जन्मदातीची मम्मी होते. सून सासूला आत्या म्हणते. यात कधी घोटाळा होत नाही, कारण कोण कुणाला हाक मारतंय ते घरात सगळ्यांना दिसत असतं. चेंबरमध्ये ते दिसत नव्हतं. पोरगी म्हणाली होती, आईकडं. न्यायाधीशांनी ते इंग्रजीत लिहिलं, मदर. वकिलांनी ते परत मराठीत आणलं आणि त्याचं मम्मी झालं. मधे कुणी खोटं बोललं नव्हतं.

पहिल्यांदा वहिनी बोलली. बाईंशी बोलत होती, पण आवाज असा की सगळ्यांना ऐकू यावं. "त्या दिवशी गाडीत विचारत होती. इस्लामपूर येईपर्यंत विचारत होती. आई कुठंय, आई कुठंय. मी म्हणत होते, अगं ही काय मी, मीच आई. मला वाटलं, कोर्टात आई म्हणाली, आता तसंच म्हणायला शिकतीय." तिनं ओढणी तोंडाला लावली. तिचा भाऊ म्हणाला, "चल, खाली जाऊ." ती उठली नाही.

माझ्या आईला उलगडा व्हायला वेळ लागला. तिनं मला दोनदा विचारलं, "म्हंजे ती माझं नाव घेतली व्हती?" मी हो म्हणाले. "आन मी फोन केला न्हाई," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मागनं येते म्हनलं व्हतं मी तिला."

बाईंनी हे सगळं न्यायाधीशांपुढे मांडलं. दोन्ही वकिलांनी हरकत घेतली नाही, घेण्यासारखं काही नव्हतं. न्यायाधीशांनी मुलीला परत आत बोलावलं, या वेळी बाईंना सोबत ठेवून. आत काय झालं ते दावा संपल्यावर बाईंनी सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. न्यायाधीशांनी घाई केली नाही. शाळेचं विचारलं, म्हशीचं विचारलं, सांगलीच्या मैत्रिणीचं विचारलं. मग म्हणाल्या, तुला उंब्रजला आजीकडे राहायला आवडेल की सांगलीला मम्मीकडे?

मुलगी म्हणाली, "कुठं पण."

"कुठंही चालेल?"

"तुमी सांगाल तिकडं."

बाईंनी वेगळ्या तऱ्हेनं विचारून पाहिलं. आई म्हणजे उंब्रजची आई, हे आम्हाला आता कळलंय, असंही सांगितलं. मुलगी टेबलावरची टाचणीची डबी उघडझाप करत राहिली. बाईंनी आग्रह धरला की हे उत्तर भाषांतर न करता तिच्याच शब्दांत नोंदवावं. त्यामुळे निकालाच्या इंग्रजी पानांत मधेच देवनागरीत 'कुठं पण' असं आहे.

निकाल सांगलीच्या बाजूनं लागला. कारणं रीतसर होती आणि खोडण्यासारखी नव्हती. शाळा बदलून फार दिवस झाले नव्हते, पुन्हा बदलणं बरं नव्हे. मुलीच्या आईला नोकरी आहे, घर आहे. वडील सरहद्दीवर. आजीचं वय आणि गुडघे. मुलीनं सध्या कुठलीच इच्छा सांगितलेली नाही. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी उंब्रजला, महिन्यातून एक शनिवार-रविवार उंब्रजला, आणि आजीशी रोज फोनवर बोलू द्यावं. चुकीच्या ओळीवरून मूल जिथे गेलं होतं, तिथेच ते आता बरोबर कारणांसाठी राहणार होतं. आमच्या वकिलांनी अपिलाचं विचारलं. भावानं फोनवरून सांगितलं की आईला विचारून सांगतो. आई म्हणाली, "नगं. अजून कितींदा इचारायचं लेकराला?"

त्या दिवशी कोर्टाच्या कँटीनमध्ये बाईंनी माझ्यासमोर चहा घेतला. मी बातमीदार आहे हे त्यांना माहीत होतं. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बातमी करू नका."

मी म्हणाले, "करणार नाही. पण पहिल्यांदाच तुम्ही असतात तर?"

"पहिल्यांदा कुणीही चाललं असतं. शिपायानं विचारलं असतं, बाळ, आई म्हणजे कोण, तरी भागलं असतं." बशीतला चहा त्यांनी कपात परत ओतला. "मी आत गेले तेव्हा ती मला म्हणाली, आई येते म्हणाली आणि आली नाही. तिचा राग आजीवर होता. कोर्टावर नाही, आईबापावर नाही. आजीवर. तो काढायला मला अर्धा तास मिळाला."

"निघाला?"

"वेळ होता अर्धा तास," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात पोरगी सुट्टीला यायची होती. वहिनी स्वतः तिला घेऊन एस्टीनं येणार होती. मी साताऱ्याहून आदल्या संध्याकाळी घरी गेले होते. आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. शेंगदाण्याची पोळी केली, म्हशीचं दूध राखून ठेवलं. उन्हात नको म्हटलं तरी माझ्या आधी हायवेच्या पुलाखाली जाऊन उभी राहिली. सांगलीकडून येणाऱ्या गाड्या सर्व्हिस रोडला तिथे थांबतात. प्रत्येक गाडी आली की ती पुढे व्हायची, कंडक्टर ओरडायचा, "मावशी, चढायचंय का न्हाई?" आणि ती म्हणायची, "न्हाई, उतरायचंय."

फोनवरचं बोलणं निकालानंतर रोज होत होतं, पण ते दोन-चार वाक्यांचं असायचं. जेवलीस का, जेवले. शाळंत गेलीस का, गेले. फोन तिकडे वहिनीच लावून द्यायची. पोरगी कुणाला काय हाक मारते, याकडे आमचं लक्ष नव्हतं. फोनवर कुणी हाक मारत नाही.

त्यांची गाडी आली. उतरणारे बरेच होते, दारात गर्दी झाली. आई दोन्ही हात पुढे करून दाराकडे बघत होती. पोरगी पिशवी घेऊन मागच्या बाजूनं उतरली आणि आमच्या पाठीशी येऊन उभी राहिली. मी तिला बघितलं. आईनं बघितलं नव्हतं.

"आजी," पोरगी म्हणाली.

आई दाराकडे बघत राहिली.

"आजी."

या वेळी आईला ऐकू आलं. ती थोडी बाजूला सरकली. मागच्या कुणाच्या तरी नातीला वाट द्यावी, तशी. तिच्या शेजारी एक म्हातारी उभी होती, तिच्याकडे तिनं बघितलं. नजर पुन्हा एस्टीच्या दाराला लावली.

वहिनी गर्दीतून उतरली होती. निकालानंतर सांगलीत सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, पुन्हा घोटाळा नको. आईला आई म्हणायचं, आजीला आजी. पोरीनं ते लगेच उचललं होतं, शाळेतल्या पाठासारखं. हे वहिनीनं मला नंतर सांगितलं. तेव्हा ती फक्त माझ्या आईजवळ आली आणि तिच्या कोपराला हात लावला.

"आत्या," ती म्हणाली, "तुम्हालाच हाक मारतीय ती."

आई वळली. पोरीकडे बघितलं, मग सुनेकडे.

"व्हय व्हय," ती म्हणाली. "आले." आणि पोरीच्या हातातली पिशवी घ्यायला वाकली.